एकाच्या जागी शून्य

वेबसाइट बिघडते तेव्हा बऱ्याचदा ती दुरुस्त करण्याची जागाही तिच्यासोबत बंद पडते. साइटला जादा सोय जोडणारे एखादे मॉड्यूल बिघडते. वर्डप्रेसवाले त्याला प्लगइन म्हणतात, जुमलावाले एक्स्टेन्शन. पान उघडायला जावे तर समोर नुसता पांढरा पडदा. प्रशासकाच्या लॉगिनचे पान उघडावे तर तिथेही तेच, कारण ते पान तयार होतानाही बिघडलेले मॉड्यूल वाटेत येतेच. बंद करण्याचे बटण आत, आणि आत जाण्याचा रस्ता त्याच मॉड्यूलने अडवलेला. अशा वेळी साइट सांभाळणारी मंडळी मागच्या दाराने जातात. होस्टिंगच्या सी-पॅनलमध्ये शिरायचे, पीएचपी-मायॲडमिन उघडायचे आणि थेट डेटाबेसमध्ये ते मॉड्यूल ‘बंद’ असल्याची नोंद करायची. पाच मिनिटांत साइट उठते आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात.

या उपायाला कुणी जुगाड म्हणून नाक मुरडते, तर कुणी उस्तादी म्हणून मिरवते. आम्हाला दोन्ही पटत नाही. हा आणीबाणीचा रास्त मार्ग आहे आणि साइटच्या मालकाला तो उपलब्ध असलाच पाहिजे. आमची तक्रार दोन गोष्टींबद्दल आहे. साइट उठली की काम संपले असे मानले जाते, ही एक. आणि या दाराची किल्ली नेमकी कुणाकडे आहे हे बहुतेक संस्थांनी कधी ठरवलेलेच नसते, ही दुसरी.

आधी बिघाड येतो कुठून ते पाहू. ‘काल तर चालू होती, आम्ही कशालाच हात लावला नाही’ हे वाक्य प्रत्येक वेब डेव्हलपरने ऐकलेले असते, आणि गंमत म्हणजे ते बहुधा खरे असते. हात दुसऱ्या कुणी लावलेला असतो. वर्डप्रेस, ड्रुपल, जुमला या वेबसाइट चालवणाऱ्या तिन्ही प्रणाली पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आहेत. पीएचपीच्या नव्या आवृत्त्या येतात, जुन्यांची सुरक्षा-दुरुस्ती थांबते आणि होस्टिंग कंपन्या एखाद्या रात्री सर्व्हरवरची आवृत्ती बदलून टाकतात. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या पीएचपी ८.० मधून ‘क्रिएट फंक्शन’ आणि ‘ईच’ ही दोन जुनी फंक्शने काढून टाकण्यात आली. ती जाणार असल्याचा इशारा २०१७ च्या ७.२ आवृत्तीपासून होता. पण दहा वर्षांपूर्वी कुणी हौसेने लिहिलेले आणि मग वाऱ्यावर सोडलेले प्लगइन तो इशारा ऐकणार कसे? नसलेले फंक्शन हाक मारूनही सापडत नाही म्हटल्यावर पीएचपी तिथल्या तिथे थांबते. अर्धवट पानही येत नाही. त्रुटीचा मजकूर वाचकांना दिसू नये अशी व्यवस्था सर्व्हरवर असते. म्हणून पडदा कोरा.

आता डेटाबेसचा संबंध. प्रत्येक पान मागितले गेले की या प्रणाली सुरुवातीलाच डेटाबेसला विचारतात: कोणकोणती मॉड्यूल चालू आहेत? जी नावे येतात त्यांच्या फाइली एकेक करून उघडल्या जातात. ज्याचे नाव यादीत नाही त्याची फाइल सर्व्हरवर असूनही तिला कुणी विचारत नाही. सगळी युक्ती एवढ्यावर उभी आहे.

ड्रुपल ७ मध्ये हे अगदी सरळ होते. ‘सिस्टिम’ नावाचे टेबल, प्रत्येक मॉड्यूलची एक ओळ, तीत ‘स्टेटस’ नावाचा रकाना. चालू असेल तर १, बंद असेल तर ०. एकाच्या जागी शून्य टाकायचे. जुमलामध्येही ‘एक्स्टेन्शन्स’ टेबलातल्या ‘एनेबल्ड’ रकान्यात तेच करायचे. तरी नवखा माणूस इथेही अडकतो. शून्य टाकूनही पडदा पांढराच राहतो, कारण ड्रुपलने चालू मॉड्यूलांची यादी कॅशच्या, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या, टेबलातही ठेवलेली असते आणि ती जुनीच यादी वाचली जात असते. कॅशची टेबले रिकामी केल्याशिवाय नवा आकडा कुणी पाहतच नाही.

आणखी एक सापळा आहे. शून्य टाकण्याची आज्ञा लिहिताना ‘अमुक नावाच्या ओळीतच’ ही अट विसरली, तर टेबलातल्या सगळ्या ओळींत शून्य जाते. गाभ्याची मॉड्यूल आणि थीम यांच्यासकट. मायएसक्यूएलच्या निर्मात्यांना माणसाची ही खोड चांगली ठाऊक असावी. अट नसलेली बदलाची आज्ञा नाकारणारी एक सोय त्यांनी कमांड लाइनवर ठेवली आहे आणि तिचे दुसरे अधिकृत नाव आहे ‘आय ॲम अ डमी’. नाव थट्टेचे असले तरी ती सोय वापरणारा माणूस हुशार म्हणावा लागेल.

वर्डप्रेसचे प्रकरण जास्त नाजूक आहे. तिथे प्रत्येक प्लगइनची वेगळी ओळ नसते. ‘ऑप्शन्स’ टेबलात ‘ॲक्टिव्ह प्लगइन्स’ नावाची एकच नोंद असते आणि तिच्यात सगळी यादी एका लांबलचक ओळीत ठासून भरलेली असते. आधी एकूण किती प्लगइन आहेत तो आकडा, मग प्रत्येकाचा क्रमांक, मग त्याच्या नावाची लांबी आणि मग नाव. अकिस्मेट या स्पॅम अडवणाऱ्या प्लगइनची नोंद पाहा. फोल्डरच्या नावाची रोमन लिपीत सात अक्षरे, एक तिरकी रेघ, फाइलच्या नावाची पुन्हा सात आणि शेवटी टिंबासह पीएचपीची चार. बेरीज १९, आणि नोंदीत नावाच्या आधी १९ हा आकडा लिहिलेला असतो. यातले एक नाव हाताने खोडले आणि सुरुवातीचा एकूण आकडा तसाच राहिला, किंवा नाव बदलले आणि लांबी बदलली नाही, तर हिशेब जुळत नाही आणि पीएचपी ती पूर्ण ओळ वाचायलाच नकार देते.

मग काय होते? वर्डप्रेसच्या दृष्टीने एकही प्लगइन चालू राहत नाही. साइट उठते! दुरुस्ती करणाऱ्याला वाटते, नेमके बिघडलेले प्लगइन आपण काढले. प्रत्यक्षात चुकून सगळीच बंद झालेली असतात आणि आधी कोणती चालू होती याची सुवाच्य नोंदही हातातून जायला आलेली असते. त्यापेक्षा समजून-उमजून सगळी बंद करणे बरे: ती ओळ जशीच्या तशी नोटपॅडमध्ये उतरवून ठेवायची, तिच्या जागी रिकामी यादी लिहायची आणि लॉगिन झाल्यावर एकेक प्लगइन चालू करत जायचे. ज्याच्यापाशी पडदा पुन्हा पांढरा होईल, तो गुन्हेगार.

या मोजणीत मराठी साइट चालवणाऱ्यांसाठी एक खास खाचखळगा आहे. लांबी मोजली जाते ती अक्षरांत नव्हे, बाइटांत. ‘मराठी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा. संगणकाच्या लेखी त्यात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे, आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे १५. प्लगइनांची नावे रोमन लिपीत असतात म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. पण साइडबारमधला मजकूर, थीमच्या सेटिंग्ज याही अशाच बांधलेल्या ओळींत साठवलेल्या असतात. संस्थेचे नाव बदलले म्हणून कुणी डेटाबेसमध्ये सरसकट शोधा-बदला चालवले, तर बोटांवर मोजलेली अक्षरे कामाला येत नाहीत.

या सगळ्यापेक्षा प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलणे सोपे नाही का, असा प्रश्न जाणकार विचारतील. वर्डप्रेसपुरते उत्तर ‘हो’ असे आहे. फाइल सापडली नाही तर वर्डप्रेस ती वगळून पुढे जाते आणि प्लगइनांचे पान उघडल्यावर यादीतून तिचे नाव स्वतःच काढते. ड्रुपल ७ असे समजून घेत नाही. मॉड्यूल चालू असल्याची नोंद आणि फाइल गायब, ही अवस्था त्याला मानवत नाही आणि २०१६ च्या ७.५० आवृत्तीपासून ते तसा इशाराही देते. सर्व्हरवर कमांड लाइनची मुभा असेल तर ‘ड्रश’ किंवा ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ ही साधने वापरणे सर्वांत चांगले. स्वस्तातल्या होस्टिंगवर ती मुभा क्वचितच मिळते, हे मात्र खरे.

आता आमची पहिली तक्रार. डेटाबेसमधून बंद केलेले मॉड्यूल म्हणजे लॉजच्या रजिस्टरमधून नाव खोडलेला पाहुणा. नाव गेले, पण वळकटी खोलीतच आणि किल्लीही त्याच्याच खिशात. बटण दाबून प्लगइन बंद केले असते तर त्याने जाताना आवराआवर केली असती: स्वतःची वेळापत्रकावरची कामे रद्द केली असती, सेटिंग्जच्या फाइलींत घुसवलेल्या ओळी काढल्या असत्या. मागच्या दाराने बंद केल्यावर यातले काहीच घडत नाही. पानांच्या तयार प्रती ठेवणारे प्लगइन अशा रीतीने बंद केले तर त्याने गाभ्याशेजारी ठेवलेली कॅशची फाइल तशीच कामावर राहते आणि वाचकांना कालचीच पाने दाखवत बसते.

त्याहून गंभीर म्हणजे, जे मॉड्यूल बंद केले त्याचे काम आता कुणीच करत नसते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. वर्गणीदारांपुरता मजकूर राखून ठेवणारे प्लगइन बंद झाले की दिवाळी अंकाची डिजिटल आवृत्ती जगाला फुकट खुली होते. त्यावर तक्रार कोण करणार? वाचक तर नाहीच. लॉगिनवर दुसरी पडताळणी मागणारे प्लगइन गेले की दार नुसत्या पासवर्डवर उरते. सगळी प्लगइन बंद करून दोन-चारच पुन्हा चालू केली आणि रोज रात्री बॅकअप घेणारे त्यांत राहून गेले, तर हे पुढचा अपघात होईपर्यंत समजत नाही.

ड्रुपलच्या निर्मात्यांनी या प्रश्नावर जो निर्णय घेतला तो आम्हाला विचारपूर्वक घेतलेला वाटतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ पासून मॉड्यूलची ‘बंद’ ही मधली अवस्थाच त्यांनी काढून टाकली. मॉड्यूल एकतर बसवलेले असेल किंवा पूर्ण काढलेले. कारण बंद मॉड्यूलची माहिती डेटाबेसमध्ये पडून राहते आणि ती सांभाळणारा कोड मात्र चालत नाही. मग अपडेट आले, मजकूर पुसायची वेळ आली, की त्या बेवारस माहितीचे करायचे काय हे कुणालाच ठाऊक नसते. एखाद्या मॉड्यूलवर साइटचा मजकूर अवलंबून असेल तर नवे ड्रुपल ते काढूही देत नाही. आधी मजकुराची व्यवस्था लावा, म्हणते. डेटाबेसमध्ये हात घालणारा माणूस नेमकी हीच तपासणी ओलांडून जातो. भारतातल्या बऱ्याच सरकारी साइट ड्रुपलवर चालतात आणि ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, हे लक्षात घेतले तर जुन्या सवयी नव्या आवृत्तीवर चालवणे किती महागात पडू शकते याची कल्पना येईल.

डेटाबेसमधून मॉड्यूल बंद करण्याच्या उपायाची ताकद कशात आहे ते उलट बाजूने पाहिले की अधिक स्पष्ट होते. प्रणाली डेटाबेसच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवते. त्यात लिहिणारा मालक आहे की चोर, हे ती विचारत नाही. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधल्या एका मोठ्या त्रुटीची दुरुस्ती जाहीर झाली. लॉगिन न करता कुणालाही डेटाबेसमध्ये हवे ते लिहिता येईल, अशी ती त्रुटी होती. हल्लेखोरांनी प्रशासक म्हणून स्वतःची नावे घातली, साइटच्या मार्गांच्या टेबलात स्वतःच्या ओळी पेरल्या आणि त्यातून सर्व्हरवर फाइली लिहवून घेतल्या. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने सांगून टाकले की, जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपली साइट फोडली गेली असेच धरून चालावे. आपण बिघडलेले मॉड्यूल बंद करायला ज्या वाटेने जातो, ती ही वाट. म्हणून ‘साइट दुरुस्त करून देतो, डेटाबेसचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवा’ असे सांगणाऱ्या माणसाबद्दल आम्हाला धास्ती वाटते. तो प्रामाणिक असला तरी.

किल्लीचा प्रश्न जगाने १९ जुलै २०२४ रोजी फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास जगभर पाठवली गेली. कंपनीने ती सुमारे सव्वा तासात मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. विमानसेवा खोळंबल्या आणि आपल्याकडेही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्रुटीचे स्वरूप ओळखीचे होते: संगणक सुरू होताना सदोष भाग वाचला जायचा आणि संगणक पडायचा, त्यामुळे दुरुस्त फाइल त्याच्यापर्यंत पोहोचायला फारसा वावच नव्हता. उपायही तसाच. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल हाताने पुसायची. उपाय दोन मिनिटांचा. पण ज्या संगणकांच्या डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होत्या तिथे आधी ४८ आकडी किल्ली लागायची, आणि ती किल्ली नेमकी कुठे ठेवली आहे हे शोधण्यातच कित्येक ठिकाणी वेळ गेला. काही जणांनी तर त्या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोच सर्व्हर पडला होता.

आपल्याकडच्या पतसंस्था, वाचनालये, शाळा, नियतकालिके, साहित्य मंडळे यांच्या साइटचे चित्र यापेक्षा फार वेगळे नाही. साइट कुणाच्या तरी ओळखीच्या मुलाने करून दिलेली असते. होस्टिंग त्याच्या नावावर, डोमेन माजी चिटणीसांच्या मोबाइल क्रमांकावर, आणि डेटाबेसचा पासवर्ड सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये, जिचे नाव कार्यकारिणीतल्या कुणालाही माहीत नसते. तो मुलगा पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीला जातो. त्यात त्याचा दोष काही नाही. त्याला मानधनही नीट मिळालेले नसते. साइट पांढरी पडते तेव्हा तांत्रिक उपाय माहीत असणारा माणूस दहा मिनिटांत सापडतो. आत जाण्याचा अधिकार सापडायला आठवडे लागतात.

बॅकअपचेही तसेच. ‘बॅकअप होस्टिंगवाले घेतात’ हे उत्तर पुरेसे मानले जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या ठरलेल्या सोयींपैकी एकही धड चालत नसल्याचे उघडकीला आले. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. कंपनीने हे सगळे लपवले नाही, दुरुस्तीचे काम तर लोकांसमोर थेट प्रक्षेपित केले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. पण जिथे डेटाबेस सांभाळायला पगारी माणसे होती तिथे ही गत, तर आपल्या वाचनालयाच्या साइटचे काय सांगावे! डेटाबेसमधली एक नोंद बदलण्यापूर्वी निदान त्या एका टेबलाची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी. पीएचपी-मायॲडमिनमध्ये त्यासाठी ‘एक्स्पोर्ट’ हे बटण आहे आणि छोट्या साइटच्या बाबतीत ते काम मिनिटभराचे असते.

साइटच्या वार्षिक देखभालीचा करार करताना दरापलीकडे काही विचारले जात नाही. त्यात दोन कलमे हवीत असे आमचे मत आहे. होस्टिंग आणि डोमेन संस्थेच्या नावावर असावे आणि त्यांचे पासवर्ड पदाधिकारी बदलताना दप्तरासोबत हस्तांतरित व्हावेत, हे पहिले. डेटाबेसमध्ये थेट बदल केल्यास तो कुणी, कधी, कोणत्या टेबलात केला, आधी तिथे काय होते आणि एरर लॉगमध्ये कोणत्या फाइलचे, कितव्या ओळीचे नाव होते, याची लेखी नोंद द्यावी, हे दुसरे. एरर लॉग तर सर्वांत आधी वाचायची गोष्ट. अंदाजाने पाच प्लगइन बंद करण्यापेक्षा ती एक ओळ नेमके नाव सांगते.

वर्डप्रेसने मे २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून या संकटावर एक सभ्य तोडगा काढला आहे. प्लगइनमुळे साइट पडली की प्रशासकाच्या ईमेलवर एक खास दुवा जातो; त्या दुव्याने आत गेल्यावर सदोष प्लगइन त्याच्यापुरते थांबवलेले असते आणि तो ते रीतसर बंद करू शकतो. डेटाबेसला हात लावण्याची गरज पडत नाही. अडचण एवढीच की तो ईमेल साइट उभारताना जो पत्ता दिला होता तिथे जातो, आणि आपल्याकडे तो पत्ता बहुधा त्या बेंगळुरूला गेलेल्या मुलाचा असतो. पुढे ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस दर सहा महिन्यांनी लॉगिन करणाऱ्या प्रशासकाला विचारते: हा ईमेल अजून बरोबर आहे का? घाईत असलेला माणूस ‘बरोबर आहे’ या बटणावर क्लिक करतो आणि पुढे जातो.